चाकांवरचे घर, पाण्याकाठचा मुक्काम

सुट्टीतला आपल्या घरांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. मामाचे गाव, नात्यातले लग्न, खुलदाबादची जियारत, फार तर वेरूळची लेणी. केवळ अल्लाहची दुनिया पाहावी म्हणून सगळे घर मिळून चार दिवस बाहेर पडणे ही गोष्ट बीडसारख्या जिल्ह्यात अजून नवीच आहे. पण आता दिवस बदलत आहेत. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतली अनेक कुटुंबे क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून, सोबत शिधा, भांडी आणि तंबू घेऊन कोकणात जाऊन आली. कुणी नदीकाठी राहिले, कुणी समुद्राकाठी. काहींनी मोबाईलवर पाहून ‘कॅरॅव्हॅन’ची, म्हणजे आत पलंग, शेगडी आणि शौचालय असलेल्या गाडीची चौकशी केली. सुट्टी जवळ आली की पालक आम्हालाही विचारतात, “सर, कुठे जावे? कसे जावे?” त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

कॅरॅव्हॅन आणि तिचा तळ

अशा गाड्यांची खरी चलती अमेरिका आणि युरोपात आहे. गाडी घेऊन निघायचे आणि रात्री ठरलेल्या तळावर उभी करायची. अमेरिकेतील तळांची एक मोठी साखळी १९६२ साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज गावी सुरू झाली. सिअ‍ॅटल शहरातील जागतिक प्रदर्शन पाहायला निघालेली कुटुंबे त्या वाटेने जात. यलोस्टोन नदीकाठच्या जमिनीवर त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय झाली आणि त्यातूनच हा व्यवसाय वाढला. म्हणजे या प्रकाराची एक सुरुवात नदीकाठीच झाली.

चांगल्या तळावर पाच गोष्टी मिळतात: गाडी उभी करायला सपाट व उंच जागा, विजेची जोडणी, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय-स्नानगृह आणि गाडीतले सांडपाणी टाकायची ठरलेली व्यवस्था. पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. ती नसेल तर सगळी घाण शेवटी नदीत किंवा वाळूत जाते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जेथे हॉटेल बांधणे परवडत नाही किंवा योग्य नाही, अशा निसर्गरम्य ठिकाणी गाड्यांसाठी तळ उभे राहावेत, असा त्यामागचा विचार आहे. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण आणले. आपल्याकडे असे सर्व सोयींचे तळ अजून थोडे आहेत आणि कॅरॅव्हॅनचे भाडेही सामान्य घराला जड जाते. त्यामुळे बीडच्या कुटुंबासाठी व्यवहार्य मार्ग असा: गाडी नेहमीचीच, झोपायला तंबू किंवा साधी खोली आणि मुक्काम अशा ठिकाणी की जेथे पाणी व शौचालय हमखास आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली येथे निवासस्थाने आहेत. कोकणात घरगुती राहण्याची सोय करणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. काहींच्या वाडीत तंबू लावू देतात, चूल पेटवू देतात.

आपल्या घरांना हा प्रवास का मानवतो

आपल्या घरात दादी असते, तान्हे मूल असते, फुफी आणि तिची मुले असतात. दहा-बारा माणसांना हॉटेलात तीन-चार खोल्या लागतात आणि त्यातच सहलीचे बजेट संपते. सोबत शेगडी आणि शिधा असला की खाण्याचा खर्च कमी होतो आणि हलालचा प्रश्नही उरत नाही. नमाजच्या वेळी थांबता येते. बायकांना परक्यांच्या गर्दीत अवघडून बसावे लागत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे वडील, जे घरी फक्त रात्री दिसतात, ते येथे मुलांबरोबर कांदा चिरतात, तंबूच्या खुंट्या ठोकतात. चार दिवस एकत्र राबण्याने घर जवळ येते.

बायकांच्या बाजूने पाहिले तर शौचालय हा पहिला प्रश्न आहे. पुरुष ‘होईल काहीतरी’ म्हणून निघतात आणि त्रास आई-बहिणींना होतो. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी येऊन आजारी पडतात. म्हणून जागा ठरवताना दृश्य कसे आहे हे नंतर विचारावे. शौचालयाला दार-कडी आहे का, आत दिवा आणि पाणी आहे का, रात्री तेथपर्यंत जाण्याची वाट उजेडाची आहे का, हे आधी विचारावे.

कुठे जावे

पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी जवळपास एक दिवस जाऊन पाहावे. पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे, पालीजवळ बिंदुसरेचे धरण आहे, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. पैठणचा नाथसागर हिवाळ्यात पक्ष्यांसाठी पाहावा. ते पक्षी अभयारण्य आहे, म्हणून तेथे काठावर तंबू किंवा चूल यांचा विचार करू नये.

रात्रीच्या मुक्कामासाठी अकोले तालुक्यातील भंडारदरा चांगले. प्रवरा नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेले धरण, भोवती डोंगर आणि काठावरच्या गावांतून तंबूंची सोय. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला तेथे झाडांवर काजवे चमकतात. मुलांनी ते एकदा जरूर पाहावे.

समुद्रासाठी बीडहून नगर–पुणे मार्गे, पुढे ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तेथून म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा रस्ता आहे. अंतर एका दमात कापू नये. पुण्यात रात्र काढून सकाळच्या उजेडात घाट उतरावा. हा सगळा भाग आपल्यासाठी परका नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली येथे कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. मशिदी आहेत, हलाल खाणावळी आहेत, तांदळाची भाकरी आणि माशाचे सालन खाऊ घालणारी घरे आहेत. राजपुरीच्या खाडीसमोर सिद्दींचा जंजिरा आहे. आणखी दक्षिणेला वाशिष्ठीच्या खाडीकाठी दाभोळ येथे आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातले नाव प्रत्यक्ष पाहू द्यावे.

आपण पाणी ओळखतो का?

आता मुख्य मुद्दा. आपण दुष्काळी मुलखातली माणसे. टँकरची वाट पाहत, हंडे मोजत मोठे झालो. पाणी ही अल्लाहची नेमत आहे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच भरलेले पाणी दिसले की आपली माणसे हरखून धावत सुटतात. पाण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे, पण त्याची ताकद ठाऊक नाही.

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना विचारले, समुद्र कुणी पाहिला आहे? मोजके हात वर झाले. पोहता कुणाला येते? त्याहून कमी. मुलींपैकी एकही नाही. पूर्वी गावोगाव विहिरी भरलेल्या असत. पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून चुलते-मामा पोरांना विहिरीत ढकलत आणि आठ दिवसांत पोहायला शिकवत. विहिरी आटल्या तसे पोहणेही आटले. एक सबंध पिढी पाण्याला अनोळखी राहून मोठी झाली, आणि आता तीच गाडी घेऊन समुद्रावर निघाली आहे.

याचे परिणाम आपण वर्तमानपत्रात वाचले आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी-विद्यार्थिनी बुडाले. दिवस पावसाळ्याचा नव्हता, वादळही नव्हते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या ओढ्यात उभे असलेले पुण्याचे एक कुटुंब अचानक वाढलेल्या पाण्यात अडकले. एक महिला आणि चार मुले वाहून गेली. ती आपल्यासारखीच घरे होती. सहलीला निघाली होती.

आणि आपल्या जिल्ह्यालाही पूर नवे नाहीत. एरवी कोरड्या दिसणाऱ्या बिंदुसरेने १९८९ च्या जुलैत बीड शहरात हाहाकार केला होता. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरीने काय केले ते तर कालचेच आहे.

नदीकाठी मुक्काम करताना

नदीच्या पात्रात, वाळूवर, कोरड्या ओढ्यात कधीही गाडी लावू नये आणि तंबू ठोकू नये. पाणी वाढायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. पाऊस वर डोंगरात पडतो किंवा धरणाचे दरवाजे उघडतात. नाशिककडे पाऊस झाला की पैठणहून पाणी सुटते आणि गेवराई-माजलगावात ऊन असतानाही गोदावरी चढते. वरच्या बाजूला धरण आहे का, हे गावकऱ्यांना विचारावे. काठावरच्या झुडपांत अडकलेला कचरा किती उंच आहे ते पाहावे. मागचा पूर तेथपर्यंत आला होता, हे त्यावरून कळते. मुक्काम त्याच्याही वर हवा.

वाळू उपशाने पात्रात जागोजागी खोल खड्डे झाले आहेत. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला तळ सापडत नाही. म्हणून अनोळखी नदीत मुलांना ‘फक्त पाय भिजवायला’ सुद्धा मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय सोडू नये. पाणी एकदम गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली किंवा आवाज वाढला, तर सामान तेथेच टाकून वर यावे.

समुद्र आणि चांदची तारीख

समुद्राचे गणित वेगळे आहे आणि ते चंद्राशी बांधलेले आहे. दिवसात दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटी साधारण सहा तासांनी. रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि तितक्याच जोराने उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचा जोर कमी.

चांद पाहून महिना मोजणाऱ्या घरांना हे समजायला कठीण नाही. चांदची पहिली ते तिसरी तारीख आणि चौदावी ते सतरावी हे उधाणाचे दिवस धरावेत. सातवी-आठवी आणि बाविसावी-तेविसावीच्या सुमारास समुद्र त्या मानाने नरम असतो.

आता विचार करा. ईद-उल-फित्र म्हणजे शव्वालची पहिली. बासी ईदला पोरे गाड्या काढून समुद्रावर जातात. म्हणजे दरवर्षी ईदच्या सहलीला समुद्र उधाणाचाच असतो! कोकणातली जुनी माणसे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो. ईदच्या दिवसांत तिथी द्वितीया-तृतीया-चतुर्थीची असते, म्हणजे भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाणी मागे हटत राहते. जेवण उरकून, ऊन उतरल्यावर आपली मुले पाण्यात शिरतात ती नेमकी याच वेळी, जेव्हा समुद्र आत ओढत असतो. म्हणून ईदची सहल समुद्रावर न्यायची असेल तर वाळूवर खेळावे, जंजिरा पाहावा, मासे खावेत. पाण्यात उतरण्याचा हट्ट धरू नये. किंवा आठवडाभर थांबून जावे.

इतर दिवशीही काही गोष्टी पाळाव्यात. घोट्याच्या वर पाणी नको. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. तो सुरक्षित वाटतो, पण बहुतेक वेळा तेथूनच पाणी आत परत जात असते. कुणी त्यात सापडलाच तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नये. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, मग बाहेर यावे. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोरी, ओढणी, रिकामा कॅन टाकावा आणि स्थानिक कोळी बांधवांना हाक मारावी. ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा. साडी किंवा बुरखा भिजला की जड होतो, पायात अडकतो. बायका-मुलींनी हे विशेष लक्षात घ्यावे. जून ते ऑगस्ट या काळात तर समुद्र दुरूनच पाहावा.

गाडी वाळूवर नेऊ नये. भरतीच्या पाण्यात फसलेल्या गाड्यांची चित्रे दर हंगामात दिसतात. आणि खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

वजू, नमाज, स्वच्छता

प्रवास साधारण ७८ किलोमीटरहून लांबचा आणि मुक्काम पंधरा दिवसांहून कमी असेल तर हनफी मसलकानुसार जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. निघण्यापूर्वी आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावे. समुद्राच्या पाण्याने वजू होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांना खुद्द समुद्रप्रवास करणाऱ्यांनीच हा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी ते पाणी पाक असल्याचे सांगितले.

किब्ल्याबाबत एक सूचना. कोकणच्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. अनेक जण मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहतात. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य पश्चिमेपासून बराच दक्षिणेला सरकून मावळतो. कंपास पाहावा किंवा जवळच्या मशिदीचा रोख बघावा.

पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करू नये ही आपल्या दीनची शिकवण आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यासही मनाई आहे. कॅम्पिंगचे सगळे नियम यात आले. बिर्याणीची हाडे, डायपर, थर्माकोलच्या थाळ्या पिशवीत भरून परत आणाव्यात. आपण उठून गेल्यावर त्या जागेकडे पाहून लोक आपल्याविषयी मत बनवतात, हेही लक्षात असावे.

गाडी आणि आग

आपल्या गाडीत सुताराकडून पलंग, ओटा, गॅस बसवून घेण्याची हौस काहींना येते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. आरटीओची मंजुरी नसेल तर अपघातानंतर विम्याची अडचणही येते. स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, तंबूपासून दूर करावा. थंडीत कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत नेऊ नये आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

एक अमीर नेमा

तीन माणसे प्रवासाला निघाली तरी त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी आपल्याकडे शिकवण आहे. पाण्याकाठच्या मुक्कामात तिचा मोठा उपयोग होतो. घरातल्या एका जबाबदार माणसाला अमीर करावे. मुले पाण्याजवळ असतील तेव्हा तो मोबाईल पाहणार नाही, फोटो काढणार नाही, फक्त मुले मोजेल. दर तासाला दुसऱ्याची पाळी लावावी. ‘सगळेच लक्ष ठेवून आहेत’ याचा अर्थ कुणाचेच लक्ष नाही, असा होतो. अमीराने ‘बाहेर या’ म्हटले की वाद न घालता बाहेर यायचे, हे घरूनच ठरवून निघावे.

आणि सहलीच्या आधीची तयारी म्हणजे पोहणे. हजरत उमर (रजि.) यांनी मुलांना पोहायला शिकवण्याची ताकीद दिली होती असे सांगितले जाते. तालुक्याच्या ठिकाणी पोहण्याचा तलाव असेल तेथे मुलांना घालावे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई मिळावी, अशी मागणी चार-पाच पालकांनी मिळून करावी. एकट्याचे कुणी ऐकत नाही, पाच जणांचे ऐकतात. विहिरीला पाणी असलेल्या गावी मामा-चुलत्यांनी पुन्हा भोपळा किंवा डबा बांधायला हरकत नाही.

मुलांना नदी दाखवा, समुद्र दाखवा. मुलखात पाणी नाही म्हणून त्यांनी पाणी पाहूच नये, असे नाही. फक्त चांदची तारीख पाहून निघा, उंच जागी मुक्काम करा, आणि जितकी डोकी घेऊन निघालात तितकी मोजून घरी आणा.